वरच्या घरचं पाणी

रिव्हिएर दू रांपारला बसमधून उतरलं की चिनी माणसाच्या दुकानाशेजारून आत वळायचं आणि रस्ता संपेपर्यंत चालायचं. शेवटचं घर आमचं. आमच्या मागे घर नाही. काळ्या दगडांचा गडगा आहे, आणि गडग्यापलीकडे चढावर कारखान्याचा ऊस, टेकाडाच्या माथ्यापर्यंत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी सारखं वरच्या घराचं नाव घेणार आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की बाईचं डोकं फिरलं.

साठ साली आमच्या बेटावर आलेल्या कॅरोल वादळाने आमचं उसाच्या पाल्याने शाकारलेलं घर उचलून नेलं. मग सगळ्या गावाने सिमेंटची घरं बांधायला घेतली, तशी आम्हीही घेतली. आमचे हे, चंद्रमोहन, पोर्लुईच्या बसवर ड्रायव्हर. स्वतःबद्दल त्यांचं मत नेहमीच चांगलं असतं, तेव्हा घराचा आराखडाही त्यांनीच केला. चढाच्या पायथ्याला घर, आणि सगळ्यात मागची खोली, गडग्याला लागून, बाबांची. बाबा म्हणजे माझे सासरे जयराम. वरचं पाणी खाली येतं ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. यांना ती नंदलाल गवंड्याने भिंती उभ्या राहिल्यावर सांगितली.

"पाणी येईल तवा बघू," हे म्हणाले.

पाणी आलं, पण पावसाळ्यात नाही. पावसाळा आमचा कोरडा गेला. बासष्टच्या जुलैत, जेव्हा आमच्या बेटावर थंडी असते, आभाळ स्वच्छ असतं आणि मिरचीच्या वाफ्यांना मी बादलीने पाणी घालत असते, तेव्हा बाबांच्या खाटेमागची भिंत ओली झाली. आधी खालून हातभर. मग कमरेइतकी. चुना फुगला, त्याचे पापुद्रे बाबांच्या उशीवर पडायला लागले.

बाबांची छाती आधीच वाईट होती. उसाच्या मळ्यात मजुरांवरचा सरदार म्हणून जन्म घालवला, त्यात पहाटेचं धुकं आणि विडी. पांपलमूसच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की खोली कोरडी करा, नाहीतर माझ्या औषधाचा उपयोग नाही. बाबांना मरणाची भीती नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. माझी नणंद बसंती, त्यांचं शेंडेफळ, तिचं लग्न डोळ्यांनी बघायचं. सासूबाई वादळाच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या, तेव्हा आईबापांपैकी एकाने तरी मांडवात असावं, असं त्यांचं म्हणणं. मलाही तेच हवं होतं. सासरा म्हणून नव्हे, मला तो म्हातारा फार आवडायचा. घरात माझे विनोद कळणारा तो एकटाच होता.

तर आम्ही पाण्याच्या मागे लागलो.

यांचं निदान तयारच होतं. "ताब्लिसमांचं दिलो हाय ते," हे म्हणाले. म्हणजे कारखान्याचं पाणी. "त्यांचा कानाल फुटलाय." हे कारखान्याच्या हापिसात जाऊन भांडून आले. तिथला माणूस आला, चढ चढून गेला, घामाघूम होऊन परत आला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला की वर कानाल नाही, नळ नाही, झरा नाही, काहीच नाही. हे म्हणाले, तो खोटं बोलतोय. पुढे ऑगस्टात ऊस तोडला गेला आणि सगळा चढ उघडा पडला. बुडखे, माती, आणि दगडांचे ढीग. घर नाही, झोपडी नाही, साधा गोठा नाही. माती इतकी कोरडी की चालताना धूळ उडायची. आणि खाली गडग्याच्या तळाशी, दोन दगडांच्या फटीतून, पाणी येतच होतं.

नंदलालला बोलावलं. गवंडी चांगला, पण त्याच्या कामापेक्षा सल्ले जास्त. त्याने फटीपाशी बसून पाण्यात बोटं घातली आणि काढून लुंगीला पुसली.

"गरम हाय," तो म्हणाला.

"उन्हाने," हे म्हणाले.

ती बाजू सावलीची होती. नंदलालने फटीपासून घराला वळसा घालून रस्त्याच्या नाल्यापर्यंत सिमेंटचं गटार बांधलं. आमच्या मोरीचं पाणीही त्याच गटाराला जोडून दिलं. काम उत्तम केलं. आठवड्याभरात भिंत सुकली, मी नवा चुना दिला, बाबांचा खोकला उतरला. आमची कटकट संपली असं सगळ्यांनी धरलं. नंदलाल जाताना माझ्याजवळ हळूच म्हणाला, "बाय, त्या पाण्यानं हातपाय धुऊ नको." का म्हणून विचारलं तर म्हणाला, "पा कोने." ठाऊक नाही.

आता गंमत अशी की पाणी मातीतून झिरपत होतं तोवर ते नुसतं पाणी होतं. पांढऱ्या सिमेंटवरून वाहायला लागल्यावर ते दिसायला लागलं. आणि मी तर आयुष्यभर मोरीवर बसलेली बाई. मला वाचता येतं त्याहून चांगलं सांडपाणी कळतं.

ते तांदूळ धुतलेलं पाणी होतं. सकाळी दहाच्या सुमाराला, कोमट, किंचित पांढरं, तळाला दोनचार कण्या. दुपारी राखेने घासलेल्या भांड्यांचं. सोमवारी निळ्या साबणाचं, आणि मागून नीळ घातलेलं, म्हणजे पांढरे कपडे शेवटी. मीही तसंच करते. एखाद्या दिवशी खवल्यांचा वास. एखाद्या दिवशी डाळीची पिवळी साय.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला मजा वाटली. आमच्या वर कुणीतरी बाई राहते, आणि ती नीटनेटकी आहे, एवढंच मनात आलं. मी तिला वरची म्हणायला लागले. बाबांची खिडकी गटारावर उघडायची, तेव्हा तेही सामील झाले.

"सूनबाय, आज की मांझे वरच्यांचं?" रोज सकाळी विचारायचे. म्हणजे, जेवायला काय.

"आज मासा, बाबा. आणि वरचीला खवले काढायला जमत नाहीत. अर्धे तसेच."

"मंग तुज्याच जातीची."

हे ऐकून आमचे हे चिडायचे. कारखान्याचं पाणी आहे, ते बारा गावांतून येतं, त्यात काहीही असणार. बसंतीला तर वेळच नव्हता. ती आरशासमोर उभी राहायची आणि तिथून जेवायलाच यायची.

ती करपलेली डाळ आली नसती तर आम्ही असेच हसत राहिलो असतो. एका सकाळी गटारात काळे पापुद्रे आले, करपलेल्या डाळीच्या खरवडीचे, आणि वासही तोच. मी आणि बाबा वरचीला पोटभर हसलो. दुसऱ्या दिवशी मी बसंतीला डाळीपाशी उभी करून वाफ्यावर गेले, आणि परत आले तेव्हा घरभर धूर. मी मोरीवर बसून भांडं खरवडलं. काळे पापुद्रे गटारात गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

मग यांच्या खिशातलं पेन गळलं आणि सगळी खाकी जांभळी झाली. तसंच जांभळं पाणी वरून आठ दिवसांपूर्वी येऊन गेलं होतं.

मी पडताळा घ्यायचं ठरवलं. शाळेत सहावीपर्यंत गेले आहे, तेवढी अक्कल आहे. एकदा वरून पाण्याबरोबर जास्वंदीची फुलं आली, मऊ पडलेली, देवावरची असतात तशी. आमचं निर्माल्य मी नेहमी केळीच्या बुडाशी टाकते, मोरीत कधीच नाही. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की काहीही होवो, मोरीत फूल टाकायचं नाही. दोन आठवडे मी पहारा ठेवला. एके दिवशी बाजारातून आले तर बाबा फार खुशीत. बरं वाटत होतं म्हणून त्यांनी स्वतः देव्हारा साफ केला होता. आणि निर्माल्य?

"मोरीत," बाबा म्हणाले. "केळीपर्यंत कोण जाईल?"

मी हसायला लागले ते थांबेचना. मग त्यांना सगळं सांगितलं. ते वरचं पाणी वरच्यांचं नाही, बाबा. आपलंच आहे. आपण पुढे सांडणार ते आधी येतंय.

बाबा उशीला टेकले. "बरं झालं," म्हणाले. "म्हंजे आपुन पुढं जेवतोय तरी."

तेव्हापासून आमची चैनच झाली. पाहुणे येणार असले की मला आधी कळायचं, कारण भांडी जास्त. सुरुवातीला एका दिवसाचं अंतर होतं, मग आठवड्याचं, आणि पुढेपुढे तर कुठलं पाणी किती लांबचं ते सांगता येईना. सप्टेंबरच्या मध्यावर एका दुपारी गटार पिवळं धमक वाहिलं. हळद, इतकी हळद स्वयंपाकात कुणी घालत नाही. वर सुगंधी तेलाचा तवंग, आणि आंब्याची पानं. मी धावत बाबांकडे गेले.

"लग्नाची हळद आहे. आपल्या घरातली."

बाबा उठून बसले. तोवर बसंतीला एकही स्थळ आलेलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, जणू पाण्याला हात लावायचा होता, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मलाही रडू आलं. सप्टेंबर सरता सरता माएबूर्गहून प्रेमचंदच्या घरची माणसं बसंतीला बघायला आली. मुलगा मासेमारीच्या होड्या बांधायचा, हसरा, बसंतीसारखाच आरशाचा नाद. डिसेंबरात, ऊसतोडणी संपल्यावर, लग्न ठरलं. हे म्हणाले की सगळं त्यांच्या बोलण्यामुळे जमलं. आम्ही दोघं गप्प बसलो.

ऑक्टोबरात बाबांना ताप आला. भिंत कोरडी होती, खोली कोरडी होती, तरी छाती वाजायला लागली. डॉक्टर घरी येऊन गेले आणि जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मला तो हात मुळीच आवडला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी वाफ्यावरून येत होते तेव्हा गटाराला चंदनाचा वास आला.

पाणी कोमट होतं. त्यात तुळशीची पानं होती, मूठभर, आणि उगाळलेल्या चंदनाचा गढूळपणा. बाजूने साबणाचा फेस आणि भांड्यांची राख, रोजची.

आंघोळीच्या पाण्यात एवढी तुळस आणि चंदन कधी घालतात ते आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेवटची आंघोळ.

मी बादलीने पाणी ओतलं, एक, मग दुसरी, सगळी पानं नाल्यात ढकलली. डिसेंबर अजून लांब होता. घरात मयत झालं की वर्षभर मंगलकार्य नाही. माएबूर्गची माणसं चांगली होती, पण वर्षभर थांबतील इतकी नाहीत. आणि बाबा. मी तोंडावर पाणी मारून खोलीत गेले.

"आज काय आलं गं वरनं?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. तांदळाचं."

"तुळस होती."

मी त्यांची उशी सारखी करायला लागले.

"खिडकी हाय मला, सूनबाय. माजंच हाय ते." ते शांत होते. "हळद आदी आली, पन वरच्यांचं काय खरं न्हाय. आदी कुटलं, मागनं कुटलं, पा कोने. पोरीचं तेवडं राहिलं."

मी त्यांच्या खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा हात हातात घेतला. आणि तेव्हा मला एकदम आठवलं, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं नाहीच ते. असूच शकत नाही."

"कशावरनं?"

"कारण ते मोरीतून आलंय."

आणि मी त्यांना सांगितलं. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं. मयताच्या आंघोळीचं पाणी घरच्या मोरीत जाऊ द्यायचं नाही. उष्ट्या-खरकट्यात ते मिसळू द्यायचं नाही. अंगणात दक्षिणेला वेगळा चर खणायचा, कडा कुदळीच्या पाठीने दाबायच्या, शेवटी खड्डा घ्यायचा, आणि तेराव्याला माती लोटून बुजवायचा. हे सासूने सुनेला सांगायचं. पुरुष तेव्हा लाकडं आणि तिरडी बघत असतात, त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी चर मी खणला, एकटीने, आणि कुणाला सांगितलंही नाही. या घरात हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा पुढे सांगायला सूनही नव्हती.

"तुमचं पाणी मी मोरीत जाऊ देईन का?" मी म्हटलं. "माझ्या अंगात जीव असेतो?"

बाबा हसले. मोठ्याने हसले, हसता हसता खोकले, मी पाठ चोळली, ते पुन्हा हसले. "म्हंजे मी मांडवात हाय," म्हणाले. "कोरेक. एकदम कोरेक." म्हणजे, बरोबर. इतक्या दिवसांत तोंडावर रंग आला होता. मीही हसत होते. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग बाबा हसायचे थांबले.

माझ्याकडे बघत राहिले. हात अजून माझ्याच हातात होता. त्यांनी तो घट्ट धरला.

"सूनबाय," ते हळू म्हणाले, "मंग त्या दिशी चर खनायला तू का न्हाईस?"

बाहेर गटारात पाणी वाजत होतं.

"चुलीवर दूध आहे," मी म्हटलं आणि उठले. चुलीवर काही नव्हतं.

लग्न झालं. डिसेंबरात, भर उन्हात, मांडवाला आंब्याची डहाळी आणि केळीचे खांब. बाबा ताप झटकून उठले. मांडवात त्यांची खुर्ची सगळ्यात पुढे, आणि रात्री झाकरीचा फेर धरला तेव्हा त्यांनी ढोलकी मागून घेतली. प्रेमचंद नाचता नाचता आरशात बघायला दोनदा थांबला. बसंतीच्या हळदीचं पाणी गटारातून पिवळं धमक गेलं, वर तेलाचा तवंग, आंब्याची पानं, जसंच्या तसं. मी मोरीच्या दारात उभी राहून ते बघत होते आणि हसत होते. बाबाही खिडकीतून बघत होते. ते माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर आम्ही त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. ते मात्र माझ्या जेवणाकडे लक्ष द्यायला लागले. मी शिंकले तरी विचारायचे. तुळशीचं पाणी मधूनमधून येत राहिलं, दर वेळी मोरीचंच, फेसाबरोबर आणि राखेबरोबर. मी बादली ओतायची आणि कामाला लागायची. भीती किती दिवस वाटणार? मिरच्या तोडायच्या असतात, वांगी बाजारात पाठवायची असतात.

बाबा चौसष्टच्या थंडीत गेले. दुपारी जेवले, भात पुन्हा मागून घेतला, आडवे झाले आणि उठले नाहीत. असं मरण मागूनही मिळत नाही. पुरुष लाकडं आणायला गेले, बसंती माएबूर्गहून यायची होती. मी कुदळ घेतली आणि दक्षिणेला चर खणला. कडा दाबल्या, खड्डा घेतला. मोरीच्या तोंडावर गोणपाट कोंबून ठेवलं आणि कुणाला तिकडे जाऊ दिलं नाही. त्यांचं पाणी स्वच्छ मातीतून गेलं. गटार त्या दिवशी कोरडं होतं. मी रडत होते, तरी तेवढं मी नीट केलं.

तेराव्याला चर बुजवला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा मी समोर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. पाण्याचं नव्हे, ते त्यांनी मानलं नसतं. चराचं. दक्षिण कुठली, चराची खोली किती, कडा कशा दाबायच्या, शेवटी खड्डा घ्यायचा, मोरीचं तोंड आधी बंद करायचं.

"अगं जेवू दे," हे म्हणाले. "मला कशाला सांगतेस? हे बायकांचं काम."

"बाई नसली तर?"

"तू हायस की."

"ऐकून ठेवा. दक्षिण कुठली, सांगा बघू."

त्यांनी घासासकट हात उचलला आणि पूर्वेकडे दाखवलं. मी तो हात धरून वळवला. मग मागच्या दाराशी नेऊन बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली, गडग्यापासून मिरचीच्या वाफ्याच्या कडेने. हे हो हो म्हणाले आणि उरलेला भात संपवायला गेले.

दुसऱ्या सकाळी हे बाहेरच्या पायरीवर चहा पीत होते. मी बादली घेऊन मागे गेले.

गटार कोरडं होतं. फटीतून थेंब नव्हता.

फटीच्या शेजारी, हातभर अंतरावर, नवा चर होता.

गडग्याखालून निघालेला. मिरचीच्या वाफ्याच्या कडेने, दक्षिणेकडे. मी हवेत ओढलेल्या रेघेवरून. कडा दाबलेल्या होत्या. त्यातून कोमट पाणी वाहत होतं, आणि तुळस, आणि चंदन. फेस नव्हता. राख नव्हती.

उकरलेली माती डाव्या अंगाला टाकलेली होती. आमच्या घरात कुदळ डाव्या हाताने धरणारं माणूस एकच आहे, आमचे हे.

मी कुदळ बघायला गेले. मी जिथे ठेवली होती तिथेच होती, आणि दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं केलं होतं.

मी परत चरापाशी आले आणि खाली बसले. मला रडू आलं, पण भीतीने नाही. सतरा वर्षांत या माणसाने माझं एक ऐकलं नव्हतं. हे ऐकलं होतं. मोरीचं तोंड आधी बंद केलं होतं. मी नसताना, स्वतःच्या हाताने, घाई न करता खणलं होतं.

खड्डा मात्र उथळ होता. पाणी वरून वाहून जात होतं.

मी डोळे पुसले आणि पुढच्या अंगणात आले. हे चहा संपवत होते.

"खड्डा कोपरभर खोल घ्यायचा," मी म्हटलं. "ते सांगायचं राहिलं."

"कुठला खड्डा?"

"कालचा. चराच्या शेवटचा."

"बरं, बरं. कोपरभर." त्यांनी कप पायरीवर ठेवला आणि बसच्या चाव्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खड्डा पाहिला. पाणी त्यात शांत उभं होतं, काठोकाठ. मी बाही वर सारली आणि हात आत घातला.

कोपरापर्यंत गेला.